जीवाणूंचे बुडबुडे : कचरा की टपाल?



'कचरा' हा शब्द मोठा सोयीचा आहे. एखाद्या वस्तूला कचरा म्हटले की ती कोठून आली, कशी झाली, हे विचारण्याची जबाबदारी संपते. घरात हे चालून जाते. प्रयोगशाळेत मात्र हा शब्द महाग पडतो. त्याचे एक उदाहरण आज तुमच्यापुढे ठेवतो. उदाहरण जीवशास्त्रातले आहे आणि मी शिकवतो पदार्थविज्ञान. तरीही ते का निवडले, हे पुढे कळेलच.

विषय आहे जीवाणूंच्या अंगावरून सुटणाऱ्या अतिसूक्ष्म बुडबुड्यांचा. शास्त्रीय भाषेत त्यांना 'बाह्यपटल पुटिका' म्हणता येईल. आपण नुसते पुटिका म्हणू.

दुहेरी कोटाचा जीवाणू

सर्व जीवाणूंचे बाह्यांग सारखे नसते. हान्स ख्रिश्चन ग्राम या डॅनिश वैद्याने १८८४ साली जीवाणू रंगविण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यात काही जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, तर काहींचा रंग अल्कोहोलने धुऊन जातो. या दुसऱ्या गटाला ग्रामऋण जीवाणू म्हणतात. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय, पटकीचा जंतू, विषमज्वराचा जंतू हे सारे ग्रामऋण होत.

ग्रामऋण जीवाणूभोवती एक नव्हे, दोन पटले असतात. आतले पटल पेशीद्रव्याला वेढून असते. त्याच्या बाहेर थोडी जागा, त्या जागेत पेप्टिडोग्लायकॅन या द्रव्याची पातळ पण चिवट जाळी, आणि सर्वांत बाहेर दुसरे पटल, म्हणजे बाह्यपटल. हे बाह्यपटल स्वतः दुपदरी असते. त्याचा आतला पदर फॉस्फोलिपिड नावाच्या मेदरेणूंचा असतो. बाहेरचा पदर मुख्यतः लिपोपॉलिसॅकराइडचा, म्हणजे साखरेची लांब साखळी जोडलेल्या मेदरेणूंचा असतो. दोन पदर दोन प्रकारचे, ही गोष्ट ध्यानात ठेवा.

बाह्यपटलाचा एखादा भाग बाहेर फुगतो, फुगवट्याची मान आवळत जाते आणि शेवटी एक बंद गोळा तुटून वेगळा होतो. हीच पुटिका. दोन पटलांमधल्या जागेतला थोडा द्रव तिच्या पोटात जातो. तिचा व्यास साधारणपणे २० ते २५० नॅनोमीटर असतो. मीटरचे एक कोटी समान भाग केले तर त्यातला एक भाग १०० नॅनोमीटरचा होतो. माणसाच्या केसाच्या जाडीत अशा सातआठशे पुटिका ओळीने मावतील. साध्या सूक्ष्मदर्शकाला सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा बारीक तपशील वेगळा दाखवता येत नाही. कारण प्रकाशाच्या लहरीच त्याहून लांब असतात. म्हणून पुटिका पाहण्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वाट पाहावी लागली.

दिसले ते आणि म्हटले ते

१९६० नंतरच्या दशकात पुटिका दिसू लागल्या. १९६६ साली नॉक्स, वेस्क आणि वर्क या संशोधकांनी, लायसिन या अमिनो आम्लाच्या टंचाईत वाढविलेल्या ई. कोलाय जीवाणूंच्या पृष्ठभागाचा संबंध आजूबाजूच्या द्रवात सापडणाऱ्या लिपोपॉलिसॅकराइडशी जोडला. दुसऱ्याच वर्षी, १९६७ साली, कलकत्त्याच्या चटर्जी व दास या शास्त्रज्ञांनी पटकीच्या जंतूंचे अतिशय पातळ छेद घेऊन त्यांची इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी प्रसिद्ध केली. पेशीभित्तीचे द्रव्य फुगून, तुटून बाहेर पडते, असे त्यांना आढळले. पटकीने ज्या बंगालला पिढ्यान् पिढ्या पिडले, तेथेच पटकीच्या जंतूचे हे वर्तन टिपले गेले, याची नोंद आपण ठेवली पाहिजे.

दिसले एवढे. त्याला म्हटले काय गेले? बराच काळ अनेकांचे मत असे होते, की हे मरणाऱ्या पेशींचे तुकडे असावेत, किंवा नमुना तयार करताना झालेला बिघाड असावा. हा संशय गैर नव्हता. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात नमुना ठेवण्यापूर्वी तो रसायनांत बुडवावा लागतो, राळेत घट्ट करावा लागतो, कापावा लागतो, जड धातूंच्या क्षारांनी रंगवावा लागतो आणि निर्वात जागी ठेवावा लागतो. इतक्या हालअपेष्टांनंतर एखाद्या जीवाणूच्या अंगावर फोड आला, तर तो मुळातला की आपण आणलेला, असे विचारणे हे शास्त्रज्ञाचे कर्तव्यच आहे.

माझी तक्रार संशयाविषयी नाही. संशय घेऊन थांबण्याविषयी आहे. 'हा कचरा असावा' हे एक अनुमान आहे. अनुमान म्हटले की त्याची परीक्षा आली.

परीक्षा कशी घ्यायची?

थोडा वेळ थांबा आणि स्वतः विचार करा. समोर पुटिकांनी भरलेली नळी आहे. त्या मेलेल्या पेशींच्या चिंध्या आहेत की जिवंत पेशींनी सोडलेल्या आहेत, हे कसे ओळखाल?

पहिली युक्ती अशी. पेशी फुटली तर सगळेच बाहेर पडेल. बाह्यपटल, आतले पटल, पेशीद्रव्य, सारे एकत्र. उलट जिवंत पेशीचे फक्त बाह्यपटल फुगून तुटले, तर पुटिकांत बाह्यपटलाचे घटक भरपूर आणि आतले घटक अगदी थोडे सापडतील. तपासणीत बहुतेक ठिकाणी हेच दुसरे चित्र दिसले.

दुसरी युक्ती याहून सुंदर आहे. बाह्यपटल हे आतल्या जाळीला ठिकठिकाणी टाचलेले असते. टाके असतात एका लहान लिपोप्रथिनाचे. याचा जाळीशी असलेला पक्का रासायनिक जोड ब्राउन यांनी १९६९ च्या सुमारास दाखविला. आता गादी डोळ्यांपुढे आणा. कापूस फुगून वर येतो तो टाक्यांच्या मधल्या जागेत, टाक्यावर नव्हे. तसेच पुटिका जर जिवंत पेशीच्या अंगावर फुगत असतील, तर त्या टाके नसलेल्या जागी फुगल्या पाहिजेत आणि त्यांच्यात हे लिपोप्रथिन कमी सापडले पाहिजे. १९८१ साली वेन्सिंक आणि विटहोल्ट यांनी नेहमीसारख्या वाढणाऱ्या ई. कोलायच्या पुटिका तपासल्या. त्यांच्यात हे लिपोप्रथिन फारच थोडे निघाले.

तिसरी युक्ती जनुकशास्त्राची. टाके घालणारी जनुके बिघडवली की पुटिकांचे प्रमाण वाढते. पण २००६ साली मेटा कुएन यांच्या गटाने ई. कोलायचे असेही वाण दाखविले, की ज्यांचे पटल कमकुवत नसूनही पुटिका मात्र जास्त सुटतात. म्हणजे पुटिका सुटणे हे पटल गळके झाल्याचेच लक्षण आहे, असे म्हणता येत नाही.

कचऱ्यातून निघालेली लस

पुटिकांना दुर्लक्षून किती नुकसान झाले असते, हे समजण्यासाठी मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा दाह, या रोगाकडे पाहू. तो करणाऱ्या मेनिंगोकॉकस या जंतूचे अनेक गट आहेत. काही गटांवर त्यांच्या बाहेरच्या शर्करामय वेष्टनापासून लस करता आली. 'ब' गटाने मात्र दाद दिली नाही. त्याचे वेष्टन आपल्याच चेतापेशींवरील एका शर्करेशी मिळतेजुळते असते. शरीर त्याला परके मानत नाही, आणि परके न मानलेल्या वस्तूविरुद्ध ते लढत नाही.

तेव्हा शास्त्रज्ञ वळले ते पुटिकांकडे. पुटिकेवर जंतूच्या बाह्यपटलातील प्रथिने जशीच्या तशी बसलेली असतात, पण पुटिका जिवंत नसते, तिची वाढ होत नाही. जंतूचा पोशाख आहे, जंतू नाही! पोशाखातील विषारी लिपोपॉलिसॅकराइड कमी करण्यासाठी तो साबणासारख्या द्रव्याने धुवून घ्यावा लागतो. अशा लसी १९८० नंतरच्या दशकात क्यूबा आणि नॉर्वे या देशांनी बनविल्या. न्यूझीलंडमध्ये 'ब' गटाची साथ १९९१ पासून चालू होती. तेथे २००४ पासून तिकडच्या जंतूच्या पुटिकांची लस देण्यात आली. वीस वर्षांखालील दहा लाखांहून अधिक मुलामुलींना ती मिळाली. पुढे २०१३ साली युरोपात मान्यता मिळालेल्या 'ब' गटाच्या लसीत हीच न्यूझीलंडची पुटिका एक घटक म्हणून आहे.

ज्याला कचरा म्हणून मोरीत ओतले जात होते, ते कोणीतरी गोळा करून तपासले, म्हणून हे घडले.

आता पदार्थविज्ञान

आता माझ्या विषयाकडे येतो. पुटिका 'आहेत' हे ठरले. त्या होतात कशा?

सपाट पटल वाकवायला ऊर्जा लागते. जितके तीव्र वाकवाल तितकी जास्त. साधा नियम असा, की दर एकक क्षेत्रफळामागे लागणारी ऊर्जा वक्रतेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. गोळ्याची त्रिज्या निम्मी केली तर वक्रता दुप्पट होते, म्हणून एकक क्षेत्रफळाचा खर्च चौपट होतो. पण निम्म्या त्रिज्येच्या गोळ्याचे क्षेत्रफळ एक-चतुर्थांश होते. चौपट गुणिले एक-चतुर्थांश बरोबर एक! म्हणजे गोळा लहान असो वा मोठा, तो वळायचा खर्च तेवढाच. वहीवर करून पाहा. दोन ओळींचे गणित आहे.

हा खर्च किती? साध्या मेदपटलाचे आकडे घेऊन ठोकळ हिशेब केला, तर रेणूंच्या उष्णतेच्या हालचालीत असणाऱ्या सामान्य ऊर्जेच्या सुमारे पाचशे पट येतो. नुसत्या उष्णतेच्या धक्क्यांनी पुटिका तयार होणे शक्य नाही, हे यावरून उघड होते. पेशीत ऊर्जेचे चलन म्हणजे एटीपी हा रेणू. एका पुटिकेचा खर्च सुमारे पंचवीस एटीपी रेणूंएवढा भरतो. ही रक्कम काही मोठी नाही. पण अडचण अशी, की एटीपी आतल्या पटलाच्या आतच असते. बाह्यपटलापाशी ते नसतेच. तेथे यंत्र चालवायला वीज नाही. मग पटल वाकवतो कोण?

उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. द्विधातुपट्टी आठवा. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जखडल्या आणि एक दुसरीपेक्षा जास्त प्रसरण पावली, की पट्टी आपोआप वाकते. बाह्यपटलही दोन वेगळ्या पदरांचे आहे. बाहेरच्या पदरात जास्तीचे रेणू शिरले की तो आतल्या पदरापेक्षा मोठा होतो आणि पटल बाहेर फुगते. खर्च आधीच, ते रेणू बनवताना आणि पोचवताना, आत चुकता झालेला असतो.

ही नुसती कल्पना नव्हे. स्यूडोमोनस एरुजिनोसा हा जीवाणू आपल्या भाईबंदांना संकेत देण्यासाठी एक रेणू सोडतो. हाच रेणू बाहेरच्या पदरात घुसून पुटिका घडवतो, हे २००५ पासूनच्या संशोधनाने पुढे आले. २०१६ साली दुसरी वाट कळली. बाहेरच्या पदरात चुकून आलेले फॉस्फोलिपिड रेणू परत आत नेणारी एक प्रथिनांची यंत्रणा असते. लोहाची टंचाई झाली की ती मंदावते, रेणू बाहेर साचतात आणि पटल फुगते. तिसरी वाट दाबाची. दोन पटलांमधल्या जागेत जाळीचे तुकडे किंवा बिघडलेली प्रथिने साचली, तर टाके विरळ असलेल्या जागी पटल बाहेर ढकलले जाते. तव्यावरची भाकरी जेथे पदर सुटतो तेथे फुगते, तसेच.

बाजू उलटते तेव्हा

येथे गोष्ट संपवता आली असती. 'कचरा म्हणणारे चुकले, आपण जिंकलो.' पण निसर्ग इतका सरळ नाही.

काही पुटिकांत डी.एन.ए. आणि पेशीद्रव्यातील प्रथिने सापडत होती. बाह्यपटल तर सर्वांत बाहेर. ते फुगून तुटले तर अगदी आतला माल त्यात शिरेल कसा? हा प्रश्न अनेक वर्षे बोचत होता. २०१६ साली ऑस्ट्रेलियातील सिंथिया व्हिटचर्च यांच्या गटाने जिवंत स्यूडोमोनस जीवाणूंचे अतिसूक्ष्म चित्रण करून एक चकित करणारे दृश्य दाखविले. काही पेशींत जाळी विरघळवणारे विकर तयार होते. दांडीसारखी पेशी गोल होते आणि काही सेकंदांत चक्क फुटते! तिच्या पटलाच्या चिंध्या लगेच वळून बंद होतात आणि पुटिका बनतात. वळताना आजूबाजूचा डी.एन.ए. आत अडकतो.

म्हणजे काही पुटिका खरोखरच मेलेल्या पेशींच्या चिंध्या निघाल्या! जुन्या मंडळींचे म्हणणे सर्वस्वी खोटे नव्हते. त्यांच्या विधानात उणीव होती ती 'कोणत्या' आणि 'कशा' या दोन शब्दांची.

टपाल म्हणण्याचीही घाई नको

आज परिस्थिती उलट आहे. पुटिकांना कचरा म्हणणारे कमी झाले. त्यांना 'जीवाणूंचे टपाल' म्हणणारे वाढले. पुटिका विष वाहून नेतात, संदेश नेतात, पेनिसिलिनच्या जातीची औषधे मोडणारे विकर नेऊन शेजारच्या जीवाणूंनाही वाचवतात. २०११ साली असेही दाखविले गेले, की पुटिका कॉलिस्टिनसारखे औषध किंवा जीवाणूंवर हल्ला करणारा विषाणू स्वतःवर ओढून घेतात, आणि मूळ पेशी बचावते. या गोष्टी प्रयोगांनी दिसल्या आहेत आणि गंभीर आहेत. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा प्रश्न आपल्या देशाला किती छळतो आहे, ते तुम्ही वाचता.

पण 'नेतात' आणि 'नेण्यासाठी सोडतात' यांत फरक आहे. टपाल म्हटले की पाठवणारा आला, पत्ता आला, हेतू आला. समुद्रातले उदाहरण घ्या. प्रोक्लोरोकॉकस हा प्रकाशसंश्लेषण करणारा इवला जीवाणू समुद्रात अफाट संख्येने राहतो. तोही पुटिका सोडतो, आणि त्या खाऊन दुसरे जीवाणू वाढू शकतात, हे २०१४ साली सिद्ध झाले. आता हे टपाल की उष्टे? एकाचे उष्टे दुसऱ्याचे अन्न होते. म्हणून पहिल्याने ते वाढून ठेवले असे ठरत नाही. कदाचित त्यालाही त्यातून लाभ होत असेल. पण तो लाभ प्रयोगाने दाखवावा लागेल. टपाल या शब्दाने तो सिद्ध होत नाही.

माझे मत असे आहे, की 'कचरा' आणि 'टपाल' हे दोन्ही शब्द एकाच जातीचे आहेत. पहिला म्हणतो, 'याला अर्थ नाही.' दुसरा म्हणतो, 'याचा अर्थ मला कळला.' दोघेही 'हे होते कसे?' हा मधला प्रश्न ओलांडून जातात. आणि या गोष्टीत जेथे जेथे पाऊल पुढे पडले, तेथे तेथे ते 'कसे?' या प्रश्नानेच पडले. टाक्यांचा शोध, फुगणाऱ्या पदराचा शोध, फुटणाऱ्या पेशीचा शोध, ही सर्व 'कसे?'ची उत्तरे आहेत. 'कशासाठी?' हा प्रश्नही मोलाचा आहे, परंतु त्याची पाळी नंतर येते.

कोणी म्हणेल, की उपमा नसतील तर विज्ञान रूक्ष होईल. मीही वर गादी, भाकरी आणि द्विधातुपट्टी आणलीच. पण त्या उपमा क्रिया कशी घडते ते सांगतात, आणि त्यांची परीक्षा घेता येते. गादीच्या टाक्याची उपमा खरी असेल तर पुटिकेत लिपोप्रथिन कमी निघेल, असे ती भाकीत करते. टपालाची उपमा कोणते भाकीत करते, ते ज्याने त्याने विचारून पाहावे.

तुम्ही काय कराल?

एक छोटी सवय लावून घ्या. प्रयोगवहीच्या पानावर मध्ये उभी रेघ मारा. डावीकडे 'दिसले ते' लिहा, उजवीकडे 'म्हटले ते'. नळीच्या तळाशी पांढरा साका दिसला, तर डावीकडे 'पांढरा साका' लिहा. 'अशुद्धी' हा शब्द उजवीकडे जाऊ द्या. उजवीकडच्या प्रत्येक शब्दापुढे, तो खोटा ठरायचा असेल तर काय दिसावे लागेल, तेही लिहा. लिहिता आले नाही, तर त्या शब्दावर फार विसंबू नका.

आणि आणखी एक. अकरावीला तुमच्यापैकी काही जण जीवशास्त्र सोडतील, काही गणित सोडतील. परीक्षेपुरते ते क्षम्य आहे. पण पुटिकेचे कोडे सोडवायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागला, रसायनशास्त्राचे पृथक्करण लागले, जनुकशास्त्र लागले आणि वाकणाऱ्या पटलाचे गणितही लागले. एकट्या विषयाच्या दारातून हा बुडबुडा दिसला नसता. तेव्हा जो विषय सोडाल, त्याचे पुस्तक रद्दीत देऊ नका. रद्दी हाही एक घाईने दिलेला शब्दच असतो.